शेरबूरची तयारी, नोंद ४ : कागदांची फाइल आणि लाल पिशवी

मागच्या नोंदीत इंजिन आणि रिगिंगचं, म्हणजे डोलकाठी-शिडांच्या दोरांचं, काम संपलं होतं. त्यानंतरचे सहा आठवडे कागदपत्रं आणि सुरक्षेच्या सामानात गेले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमची ३१ फुटी शिडाची बोट हँबल नदीत असते, साउदॅम्प्टनजवळ. जुलैत आयल ऑफ वाइटच्या नीडल्स खडकांपासून इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या शेरबूरला जायचं आहे. अंतर साधारण ६० सागरी मैल, ताशी ५ मैल धरले तर बारा तास. वाऱ्याचं आणि भरती-ओहोटीचं गणित मी हिवाळ्यातच मांडून ठेवलं होतं.

माझा पासपोर्ट ब्रिटिश, बायकोचा भारतीय. मी नियम वाचून दाखवत होतो तेव्हा ती म्हणाली, “बोट एक, माणसं दोन, आणि नियम तीन?” खरंच तीन आहेत. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश बोट युरोपीय संघासाठी परदेशी झाली. ती तिथे कर न भरता १८ महिने राहू शकते. मी शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो. बायकोला मात्र व्हिसा हवा, ब्रिटनमध्ये कायम राहण्याचा परवाना असला तरी.

व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचं तिकीट जोडायचं असतं, आणि आमच्याकडे तिकीट कुठलं असणार! आम्ही बोटीचं नोंदणीपत्र, दोघांच्या नावाची खलाशी-यादी, शेरबूरच्या मरीनातलं, म्हणजे हौशी बोटींच्या बंदरातलं, जागेचं बुकिंग आणि कुठून कुठे कधी जाणार याचं एक पानी पत्र जोडलं. व्हिसा मिळाला. भारतीय पासपोर्टवाल्यांनी एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: मल्टिपल एंट्रीच मागा. शेरबूरहून खाडीतल्या गर्न्सी किंवा ऑल्डर्नी बेटावर गेलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. तिथून वारा बदलला म्हणून फ्रान्सच्या सँ मालो बंदरात शिरायचं झालं तर सिंगल एंट्रीचा व्हिसा संपलेला असतो.

पासपोर्टची तपासणीही आपण होऊन करून घ्यायची. शेरबूरमध्ये बोटी लागतात पोर्ट शांतरेन मरीनाला, सीमा पोलिस बसतात फेरी टर्मिनलला. येताना आणि निघताना, दोन्ही वेळा तिथे जायचं. निघतानाचं विसरलं तर कागदावर आपण अजून फ्रान्समध्येच असतो.

आता बोटीचे कागद. नोंदणी ब्रिटिश रजिस्टरच्या तिसऱ्या भागात केली आहे. २४ मीटरपेक्षा लहान बोटींसाठी हा सोपा मार्ग, मुदत पाच वर्षं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही तो खुला आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवरही बोट नोंदवता येते. नंबर बोटीच्या बाहेरच्या अंगावर दिसेल असा लावावा लागतो.

सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते व्हॅट भरल्याच्या पुराव्याने. बोट १९९८ ची, आमच्या आधी तीन मालक. विक्रीपत्रांची साखळी होती, पण पहिलं बिल नव्हतं. ज्यांच्याकडून बोट घेतली ते गृहस्थ आता नाहीत. त्यांच्या मुलीला पत्र लिहिलं. महिनाभराने तिने माळ्यावरचा एक बिस्किटांचा डबा पाठवला. आत शिडांची मापं, इंजिनच्या पावत्या आणि तळाशी घडी घातलेलं ते बिल. शाई फिकी झाली आहे, पण १७.५ टक्के व्हॅटची ओळ अजून वाचता येते. मी ते किती वेळा वाचलं असेल! मूळ बिल आता घरी आहे, बोटीवर प्रमाणित प्रत. जुनी बोट घेणाऱ्यांनो, पैसे देण्याआधी हा कागद मागा, नंतर माणसं सापडत नाहीत.

निघण्याआधी ब्रिटनच्या सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं: २४ तासांच्या आधी नाही आणि शेवटच्या दोन तासांत नाही. परत येतानाही तेच. शिवाय किनाऱ्यापासून १२ मैलांच्या हद्दीत शिरताना पिवळा बावटा चढवायचा, म्हणजे तपासणी व्हायची आहे अशी खूण. आमचा बावटा विरला होता, नवा घेतला.

खाण्याचं थोडक्यात. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप आणि पेढेही त्यात आले. एप्रिल २०२५ पासून युरोपातून इकडे येतानाही बंदी आहे, त्यामुळे चीजचा बेत रद्द. डब्यात दशम्या, पण तेलाच्या आणि पाण्यात भिजवलेल्या, शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा.

आता लाल पिशवी, म्हणजे सुरक्षेचं सामान. १३.७ मीटरपेक्षा लहान खासगी बोटीवर ब्रिटनचा कायदा फारसं काही सक्तीचं करत नाही. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या काही गोष्टी लागू होतात: सफरीचा आराखडा, शक्य असेल तिथे रडार परावर्तक (दुसऱ्यांच्या रडारवर आपण दिसावं म्हणून), जीवरक्षक खुणांचा तक्ता, संकटातल्याला मदत. फ्रान्सची यादी बरीच कडक आहे, पण ती फ्रेंच झेंड्याच्या बोटींसाठी. तरीही मी तीच प्रमाण मानली. किनाऱ्यापासून ६ मैलांपलीकडे ते लाइफराफ्ट (बोट बुडाली तर फुगवायचा तराफा), बसवलेला व्हीएचएफ रेडिओ (जहाजांशी आणि किनाऱ्याशी बोलायचा), हार्नेस (माणसाला बोटीशी बांधणारा पट्टा), औषधपेटी आणि नोंदवही मागतात. खाडीच्या मधोमध दोन्ही किनारे तीस मैलांवर असताना यातलं काय मी घरी ठेवणार होतो?

लाइफजॅकेटवर एक पूर्ण रविवार गेला, आणि तो सत्कारणी लागला. चारही जॅकेटं उघडून तोंडाने फुगवली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चारही टणक होती. मग पाण्यात पडल्यावर जॅकेट फुगवणाऱ्या गॅसच्या नळकांड्या काढल्या. १५० न्यूटनच्या (हे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेटला ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची नळकांडी लागते आणि तिच्या अंगावर भरलेलं एकूण वजन कोरलेलं असतं. भाजणी मोजायचा काटा घेतला. तीन बरोबर. चौथीवर कोरलेलं १४६, काटा दाखवतोय १३१. बाहेरून चकचकीत, मात्र आट्यांपाशी नखाएवढा तांबेरा. ते जॅकेट बायकोचं. मागच्या उन्हाळ्यात तिने ते रोज घातलं होतं. आता सगळ्या नळकांड्या नव्या आहेत, पायांमधून जाणारे पट्टे लावले आहेत, आणि दर महिन्याला वजन करून नोंदवहीत लिहितो.

ईपर्ब, म्हणजे उपग्रहाला संकटाचा संदेश देणारं यंत्र, बोटीबरोबरच मिळालं होतं. बॅटरीची मुदत गेलेली, आणि नोंद अजून आधीच्या मालकांच्या नावावर. ते चालू केलं असतं तर बचाव केंद्राने दिवंगत माणसाच्या घरी फोन केला असता. बॅटरी बदलून घेतली, नोंदीत आमचे आणि किनाऱ्यावरच्या दोन माणसांचे फोन दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत असलेल्या भारतीय नौदलाच्या कमांडर अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठी तुटली आणि पाठीच्या दुखापतीने त्यांना हलता येईना. पर्थपासून सुमारे १९०० मैलांवर ‘ओसिरिस’ हे फ्रेंच जहाज तिसऱ्या दिवशी त्यांच्यापर्यंत पोचलं, ते अशाच संदेशामुळे. आमची खाडी त्या समुद्रापुढे ओढ्याएवढी, पण ते यंत्र हातात घेतलं की मला ती बोट आठवते.

राहिलेलं: राफ्टची सर्व्हिसिंग होऊन यायची आहे. इंजिन आणि शीड दोन्ही चालू असताना टांगायचा काळा शंकू घ्यायचा आहे. लाल डिझेलच्या, म्हणजे कमी कराच्या रंगवलेल्या डिझेलच्या, पावत्या फाइलला लावायच्या आहेत. शनिवारी सकाळी नदीबाहेर जाऊन, पाण्यात पडलेला माणूस समजून, फेंडरला (बोटीच्या कडेला लावायच्या हवेच्या उशीला) बादली बांधून पाण्यात टाकणार, आणि मी डेकवर नाही असं धरून बायको एकटी ते परत बोटीवर घेणार. पुढच्या नोंदीत तिला लागलेला वेळ लिहीन.