टर्मक्समधलं निओव्हिम आणि वाचनालयाची सूची: इथवरची प्रगती

वाचनालयातल्या पुस्तकांची सूची मी फोनवर करतो आहे: टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवर लिनक्ससारखं टर्मिनल देणारं ॲप, आणि निओव्हिम हा त्यात चालणारा मजकुराचा एडिटर. फोनच्या पडद्यावरून स्क्रिप्ट चालवणारं विजेटचं बटण आता भरवशाने चालतं. राजवाड्याजवळच्या आमच्या मराठी वाचनालयात कपाटासमोर उभं राहून फोनवर ते दाबलं, की निओव्हिममध्ये कोरी नोंद उघडते. तारीख आणि कपाट क्रमांक आधीच भरलेले असतात. पुस्तक, लेखक, वर्ष टाकून सेव्ह केलं, की दुसरी स्क्रिप्ट ती ओळ तपासते, मुख्य फाइलला जोडते आणि बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये कमिट करते, म्हणजे नोंदवते. लॅपटॉप ठेवायला तिथे मोकळं टेबल मिळत नाही, म्हणून सगळं काम फोनवरच. जेल रोडवरून आणलेला छोटा ब्लूटूथ कीबोर्ड सोबत असतो. तो नसेल तेव्हा व्हॉल्यूम वाढवायचं बटण धरून ई दाबलं की एस्केप मिळतं.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो या तक्रारीने: स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये नीट चालते, बटणावरून मात्र गप्प. शॉर्टकट्स फोल्डरमधल्या टास्क्समध्ये ठेवलेली स्क्रिप्ट पार्श्वभूमीत चालते, त्यामुळे चूक छापली जाते पण ती बघायला पडदाच नसतो. माझं ठाम मत असं की एडिटरला हात लावण्याआधी स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सगळं आउटपुट एका लॉग फाइलकडे वळवावं आणि सेट मायनस एक्स लावावं, म्हणजे चालणारा प्रत्येक आदेश लॉगमध्ये उमटतो. लॉग उघडला की निम्मी कोडी तिथेच सुटतात. माझ्या लॉगमध्ये दोन गोष्टी दिसल्या. बॅशआरसी या शेलच्या सेटिंग फाइलमधले एक्सपोर्ट, म्हणजे स्क्रिप्टला लागणाऱ्या सेटिंग, पोचत नव्हते, कारण ती फाइल फक्त इंटरॅक्टिव्ह शेल, म्हणजे आपण समोर बसून आदेश देतो ते, वाचतं. आणि स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीतला यूएसआर-बिनचा पत्ता सापडत नव्हता. अँड्रॉइडमध्ये तो फोल्डरच नाही. टर्मक्स-एक्झेक हे पॅकेज ती उणीव टर्मिनलमध्ये भरून काढतं, पण पार्श्वभूमीतल्या कामाला ती सोय मिळेलच असं नाही. पहिल्या ओळीत टर्मक्सचा पूर्ण पत्ता लिहिला, लागणारे एक्सपोर्ट स्क्रिप्टमध्येच आणले, आणि बटण बोलू लागलं.

फाइल्स एसडीकार्डवर ठेवू नका. तिथे चमॉड (फाइलला चालवण्याची परवानगी देणारा आदेश) लागू होत नाही, स्क्रिप्ट थेट चालत नाही, आणि फोल्डरचा मालक वेगळा दिसतो म्हणून गिटही कुरकुर करतं. सगळं टर्मक्सच्या होममध्ये ठेवायचं आणि सूचीची एक प्रत तेवढी बाहेर काढायची.

सेव्ह झाल्यावर टोस्ट, म्हणजे पडद्यावर क्षणभर दिसणारा छोटा संदेश, दाखवायचा होता, तर तो आदेश उत्तरच न देता अडकून बसायचा. टर्मक्सला फोनच्या सोयी वापरू देणाऱ्या टर्मक्स-एपीआयचं पॅकेज आणि त्याच नावाचं ॲप, दोन्ही लागतात. शिवाय टर्मक्स आणि त्याची जोडॲप्स एकाच ठिकाणाहून घ्यावी लागतात, कारण ॲप्सच्या डिजिटल सह्या जुळल्या नाहीत तर ती एकमेकांशी बोलत नाहीत. मी सगळं एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारावरून घेतलं आहे. आता नोंद बरोबर असेल तर हिरवा टोस्ट, नाही तर लाल. ग्रंथपालकाका शेजारून विचारतात, "काय रे, हिरवं झालं का?" आणि मगच पुढचं पुस्तक हातात देतात.

निओव्हिम मधूनच सिग्नल ९ (सिस्टीमने जबरदस्तीने बंद केल्याची खूण) दाखवून मरत असेल तर स्वतःच्या कॉन्फिगवर रात्र घालवू नका. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या ॲप्सच्या मिळून ३२ उपप्रक्रियांची मर्यादा आहे, आणि लँग्वेज सर्व्हर (कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणारे मदतनीस प्रोग्रॅम) लावले की ती लवकर गाठली जाते. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समधून हे बंधन काढता येतं. सूचीला लँग्वेज सर्व्हर लागतोच कशाला, म्हणून मी ते काढूनच टाकले.

आता खरी आपली अडचण. सूचीत लेखकाचं पूर्ण नाव आणि आद्याक्षरांचं रूप, दोन्ही हवी आहेत: विनायकचं वि., श्रीधरचं श्री. एडिटरच्या व्हिमस्क्रिप्ट या भाषेत शब्दाचं शून्यावं, म्हणजे पहिलं, अक्षर मागितलं तर एक बाइट मिळतो, आणि पडद्यावर कोनी कंसातला ई-शून्य उमटतो. मराठीत लागणारं देवनागरीचं प्रत्येक युनिकोड चिन्ह यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ३ बाइटचं असतं. श्री म्हणजे ४ चिन्हं, १२ बाइट. बाइटऐवजी चिन्हं मोजणारं स्ट्रचारपार्ट हे फंक्शन वापरलं तर बाइटचा प्रश्न मिटतो, पण विनायकचं नुसतं व. होतं, वेलांटी मागेच राहते. पायथनमध्येही तेच. शेवटी अक्षराचा नमुना स्वतः लिहिला: व्यंजन, त्यापुढे हलन्त आणि व्यंजन ही जोडी कितीही वेळा, मग मात्रा, मग अनुस्वार, सुरुवातीला स्वर असेल तर त्यासाठी वेगळी शाखा. वि., श्री., शं., ज्ञा. सगळी नीट येतात. ही आद्याक्षरं पहिल्यांदा ओळीने बरोबर उतरली तेव्हा फार समाधान वाटलं.

कऱ्हाडे शोधले तर निम्म्याच नोंदी यायच्या. कारण कीबोर्डांमध्ये होतं: एक कीबोर्ड ऱ हे चिन्ह आणि हलन्त टाकतो, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडून दाखवायला सांगणारं चिन्ह). दिसायला दोन्ही सारखेच, आणि समान रूपं एक करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. सेव्ह होतानाच दुसरं रूप पहिल्यात बदलणारी ओळ आता तपासणी स्क्रिप्टमध्ये आहे. मराठी मजकुरावर स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती घालावी.

क्रमवारी अजून बाकी आहे. टर्मक्समधला सॉर्ट हा आदेश अक्षरं युनिकोडच्या कोड क्रमांकाने लावतो, त्यामुळे ळ लगेच ल नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर हवा. क्ष आणि ज्ञ यांनाही शेवटी बसवायचं आहे. पायथनमध्ये क्रमाची किल्ली लिहायला घेतली आहे. कुणाकडे तयार असेल तर जरूर दाखवा.