दारापुढची गुंडाळती पडवी

आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दारावरचे ऑनिंग म्हणजे गुंडाळता येणारे कापडी छत. ते उघडायला एक बटण पुरते, आणि ते उघडले की चाकांवरच्या त्या खोलीला अंगण मिळते. मग त्याखाली घडीच्या खुर्च्या येतात, चहाचे सामान येते, ओले पंचे वाळत पडतात. नेमक्या या पसाऱ्यामुळेच वारा सुटला तरी ऑनिंग मिटायला हात धजत नाही, कारण मिटायचे म्हणजे सगळे उचलून आत न्यायचे. त्यापेक्षा ऑनिंग जमिनीतल्या मेखांना दोन पट्ट्यांनी आवळून टाकू, असे प्रत्येकालाच वाटते. अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी हातोड्यांची ठोकाठोक ऐकू येते, ती बरीचशी या आळसापोटी.

साऊथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात सीडर पास नावाचे कॅम्पग्राउंड आहे. तिथे झाडांची सावली जवळजवळ नाही, त्यामुळे दुपारी ऑनिंगवाचून निभाव लागत नाही, आणि मोकळ्या माळावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवणारेही काही नाही. जमीन चिकणमातीची. ती कोरडी असताना मेख ठोकायला गेले तर हातोडी उसळते, आणि पाऊस झाला की तीच मेख दोन बोटांनी उपसून निघते. म्हणून जाणते लोक पिळाच्या लांब मेखा फिरवून जमिनीत उतरवतात आणि पट्ट्याला मध्ये एक स्प्रिंग जोडतात, म्हणजे वाऱ्याचा झटका थेट मेखेवर न बसता स्प्रिंगमध्ये जिरतो. कापडाची कड बाजूच्या दांड्यांशी पकडून ठेवणारे चिमटेही मिळतात. मला विचाराल, तर या सगळ्या सामानात खरे कामाचे तेच, कारण मंद वाऱ्यातसुद्धा कापडाची सतत फडफड होत राहिली की शिवणी आणि सांधे खिळखिळे होतात. पट्ट्यांनी मात्र मुख्यतः आपल्या मनाला धीर येतो.

हा धीर किती पोकळ आहे, ते हिशेब केला की कळते. सोळा फूट लांब आणि आठ फूट पुढे आलेले ऑनिंग म्हणजे सुमारे 12 चौरस मीटर कापड. ताशी 36 किलोमीटरचा वारा त्यावर थेट आला, तर दर चौरस मीटरला साधारण सहा किलोंचा, म्हणजे एकूण सत्तर-पंचाहत्तर किलोंचा रेटा बसतो. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट न होता चौपट होतो. वारा कापडाखाली शिरला, तर दांड्यांसकट सगळे उचलून छतावर उलटे टाकायलाही तो कमी करत नाही. शिवाय माळावरचे वादळ पावसाच्या आधी वारा पाठवते. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आदळून चहूकडे पसरते, आणि इथे अजून ऊन असतानाच उकाडा मोडून एक गार झुळूक अंगावर येते. बरे वाटून लोक खुर्चीत आणखी सैलावतात. वास्तविक उठायचे ते तेव्हाच. काही विजेच्या ऑनिंगना कापडाची थरथर ओळखून आपोआप मिटण्याची सोय असते, पण बटण बंद असेल किंवा बॅटरी उतरलेली असेल, तर ती सोय कागदावरच राहते.

वाऱ्याची एवढी धास्ती घेणारे लोक पावसाकडे मात्र काणाडोळा करतात. कापड ताठ आणि सपाट असले, तर मध्ये थोडे पाणी साचते. त्या वजनाने कापड खोलगट होते आणि म्हणून आणखी पाणी साचते. दोन चौरस मीटरच्या खोलग्यात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेही आवाज न करता. खालून पाहिले तर कापडाचे पोट सुटलेले दिसते. ते केरसुणीच्या दांड्याने वर ढकलणारा माणूस बाही कोपरापर्यंत भिजवून घेतो, शिवाय दांड्यांना हिसका बसतो तो वेगळाच. त्यापेक्षा दाराच्या विरुद्ध बाजूचा कोपरा आधीच चांगला हातभर खाली उतरवून ठेवावा, म्हणजे पाणी आपल्या वाटेने जाते.

कोकणात घरापुढच्या खळ्यात पावसाळ्यानंतर मांडव घालतात, त्यावर नारळाची झापे पसरतात आणि मृगाच्या आधी सगळे उतरवून ठेवतात. तो मांडव पावसाळ्यात टिकावा म्हणून जास्तीचे खांब रोवण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ऑनिंगबरोबर येणाऱ्या पुस्तिकाही साधारण हेच सांगतात, की जोराचा वारा किंवा पाऊस दिसला तर मिटा. पण पुस्तिका सहसा आरव्हीच्या खणातच राहते.

मिटल्यावरही काम संपत नाही. ओले कापड गुंडाळून तसेच राहिले, तर त्यावर बुरशीचे काळे ठिपके धरतात आणि पुढे कितीही घासले तरी ते पुरते जात नाहीत. बॅडलँड्सच्या उन्हात सकाळी उघडून ठेवले, तर कापड न्याहारी होईपर्यंत वाळते. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर मात्र धुके हटता हटत नाही, तेव्हा ते जुन्या पंचाने पुसूनच काढावे लागते, आणि शिडीवर कोणी चढायचे व खालून पंचे कोणी पिळायचे, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेले नाही.