पुस्तक-यादी अपडेट: गायब होणाऱ्या ओळींचा छडा लागला

सापडलं! मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं ना, की माझ्या पुस्तकांच्या डेटाबेसमध्ये स्कॅन टेबल आणि जुनी यादी जॉइन केली (म्हणजे सारख्या नंबरावरून ओळी जुळवल्या) की तीसेक पुस्तकं हवेत विरतात, त्याचं कारण सापडलं, आणि ते इतकं देखणं निघालं की कपाटांचा नकाशा वगैरे सगळं बाजूला ठेवून आधी हेच लिहायला बसलेय.

नवीन मंडळींसाठी एवढंच सांगते की टेबलं दोन आहेत. 'स्कॅन' हे बारकोड ॲपनं एक्स्पोर्ट करून दिलेली एसक्यूएल फाइल (डेटाबेसला द्यायच्या आज्ञांची) जशीच्या तशी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये चालवून बनलेलं, आणि 'यादी' हे माझं जुनं टेबल, त्यात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-नंबर) टेक्स्ट आहे आणि मध्ये डॅश नाहीत. ज्या पुस्तकांवर बारकोड आहे त्यांचा तेरा आकडी नंबर ॲप आपोआप घेतं. जुन्या पुस्तकांवर बारकोडच नसतो (तेरा आकडी आयएसबीएन अधिकृतपणे २००७ पासून आले, त्याआधी दहा आकडी होते), त्यामुळे तिथे नंबर हातानं टाइप होतो, कधी छापलाय तसा डॅशसकट, कधी सलग.

आता वैताग कुठे होता ते बघा. साधा लेफ्ट जॉइन लावला (यात स्कॅनच्या सगळ्या ओळी राहतात, न जुळलेल्यांपुढे नल, म्हणजे रिकामं, येतं), स्कॅनचा आयएसबीएन बरोबर यादीचा आयएसबीएन, तर डॅशवाली पुस्तकं जुळत नव्हती. ते अपेक्षितच होतं. म्हणून स्कॅनच्या बाजूला रिप्लेस लावून डॅश काढले. डॅशवाली सगळी जुळली, आणि त्याच क्षणी आधी व्यवस्थित जुळणारी दुसरीच तीसेक पुस्तकं नल दाखवायला लागली! रिप्लेस काढला की ती परत येतात आणि डॅशवाली जातात. ज्या नंबरात एकही डॅश नाही त्यावर डॅश काढणारं फंक्शन चालवल्यावर फरक पडतोच कसा, इथे डोकं अडकून बसलं होतं.

नेहमीचे संशयित सगळे तपासले. पुढेमागे स्पेस असेल म्हणून ट्रिम लावला, कॉपी-पेस्टमधून न दिसणारं अक्षर आलं असेल म्हणून यादीच्या बाजूला हेक्स (अक्षरांचे कोड) काढून बघितलं, काही दहा आकडी नंबरांच्या शेवटी एक्स असतो तो कुठे छोटा कुठे मोठा असेल म्हणून अप्पर लावलं. एक्सवाली दोन खरंच तशी निघाली, बाकी जैसे थे. मग गायब होणाऱ्या ओळी एकाखाली एक ठेवून नुसत्या वाचल्या, आणि पॅटर्न दिसला: सगळी दहा आकडी, सगळी शून्यानं सुरू होणारी, सगळी डॅशशिवाय टाइप केलेली. ८१ नं सुरू होणारं एकही नाही, तेरा आकडी एकही नाही, आणि शून्यानं सुरू होणारी पण डॅश असलेली मात्र ठणठणीत.

इथून पुढे एका ओळीत निकाल लागला. स्कॅन टेबलवर टाइपऑफ(आयएसबीएन), म्हणजे आत साठवलेल्याचा प्रकार, काढून त्यावर ग्रुप बाय केलं (सारख्यांचे गट पाडले), तर एकाच कॉलममध्ये दोन प्रकार! काही ओळी टेक्स्ट, बऱ्याच ओळी इंटिजर, म्हणजे पूर्णांक. कमांड लाइनवर डॉट मोड क्वोट केलं की हे उघड्या डोळ्यांना दिसतं, कारण टेक्स्ट अवतरणात येतो आणि आकडा उघडा येतो. माझ्याकडे '०३०६४०६१५२' असायला हवं होतं तिथे अवतरणाशिवाय ३०६४०६१५२ बसलं होतं. ग्रिड दाखवणाऱ्या डीबी ब्राउझरसारख्या टूल्सबद्दल मला प्रेम आहे, टेबल चाळायला त्यापेक्षा सोयीचं काही नाही, पण प्रकारांचा घोळ शोधायचा असेल तर सरळ शेल (तीच कमांड लाइन) उघडा आणि क्वोट मोड लावा. ग्रिडमध्ये आकडा आणि आकड्यासारखा दिसणारा टेक्स्ट पटकन वेगळे ओळखू येत नाहीत.

पण इंटिजर झालं कसं? ॲपच्या फाइलमधली क्रिएट टेबल ही टेबल बनवणारी आज्ञा वाचली. तिथे कॉलमचा प्रकार लिहिलाय 'स्ट्रिंग'. वाचून वाटतं की बरोबरच आहे की. पण एसक्यूलाइटमध्ये स्ट्रिंग नावाचा प्रकारच नाही. तिथे कॉलमला सक्तीचा प्रकार नसतो, ॲफिनिटी असते, म्हणजे कल, आणि तो कल प्रकाराच्या नावातली अक्षरं बघून ठरतो. नावात 'इंट' असेल तर इंटिजर, नाहीतर 'कॅर', 'क्लॉब' किंवा 'टेक्स्ट' असेल तर टेक्स्ट, मग 'ब्लॉब', मग 'रिअल', 'फ्लोआ', 'डब', आणि यातलं काहीच नसेल तर न्यूमरिक, म्हणजे संख्येचा कल. 'स्ट्रिंग'मध्ये यातलं काहीच नाही, म्हणून न्यूमरिक! आणि न्यूमरिक कॉलममध्ये संख्येसारखा दिसणारा टेक्स्ट टाकला की तो गुपचूप संख्या होतो, पुढचं शून्य गेलं. डॅश असलेला नंबर संख्या होऊच शकत नाही म्हणून तो टेक्स्टच राहिला आणि शून्य वाचलं. शेवटी एक्स असलेलेही तसेच वाचले. (याच नियमानं 'फ्लोटिंग पॉइंट' असं लिहिलेला कॉलम इंटिजर कलाचा होतो, कारण 'पॉइंट'च्या स्पेलिंगच्या शेवटी 'इंट' येतो. मॅन्युअलमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, ते पान प्रत्येकानं एकदा शांतपणे वाचाच.)

आता राहिला प्रश्न की साध्या जॉइनमध्ये मग ती पुस्तकं जुळत का होती. मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. तुलना करताना एका बाजूला न्यूमरिक कलाचा कॉलम आणि दुसऱ्या बाजूला टेक्स्ट कॉलम असेल, तर एसक्यूलाइट टेक्स्टवाल्या बाजूलाही तुलनेपुरती संख्या करून बघतो. यादीतला '०३०६४०६१५२' पण त्या क्षणी ३०६४०६१५२ होतो, दोन्ही सारखे, ओळ जुळली, शून्य हरवल्याचा पत्ताच नाही. पण रिप्लेस लावलं की डावीकडे कॉलम राहत नाही, एक्स्प्रेशन (फंक्शनचा निकाल) होतं, आणि एक्स्प्रेशनला कलच नसतो. निकाल येतो टेक्स्ट, '३०६४०६१५२', नऊ अक्षरांचा, तो दहा अक्षरांच्या टेक्स्टशी कसा जुळणार. म्हणजे रिप्लेसनं काहीच बिघडवलं नव्हतं, त्यानं फक्त झाकण उचललं. पोस्टग्रेसमध्ये इंटिजर आणि टेक्स्ट कॉलम असे थेट बरोबर केले तर तो तिथेच एरर देऊन थांबतो, मायएसक्यूएल दोघांना फ्लोटिंग आकडे करून तुलना करतो. तीन डेटाबेसची तीन वागणी, त्यामुळे 'माझ्याकडे तर चालतं' या वाक्याला इथे काही किंमत नाही.

दुरुस्ती त्या मानानं सोपी, कारण लांबी ठरलेली आहे. आधी आयएसबीएन टेक्स्ट कॉलम असलेलं नवीन टेबल केलं, आणि टाइपऑफ इंटिजर असून नंबर तेरा आकड्यांपेक्षा लहान असेल तिथे प्रिंटएफनं पुढे शून्यं भरून, दहा जागा पूर्ण करून त्यात घातला. त्याच जुन्या कॉलमवर अपडेट मारू नका, तो भरलेली शून्यं परत खाऊन टाकेल! मग प्रत्येक दहा आकडी नंबराची चेकसम तपासली: पहिल्या आकड्याला १० नं गुणायचं, दुसऱ्याला ९ नं, असं शेवटच्याला १ नं, एक्स म्हणजे दहा, आणि बेरजेला ११ नं पूर्ण भाग जायला हवा. ०३०६४०६१५२ ची बेरीज १३२ येते, बारा अकरे. एक लक्षात ठेवा, शून्य गुणिले दहा शून्यच, त्यामुळे पुढचं शून्य गेलंय का हे चेकसम सांगू शकत नाही. पण शून्य भरल्यानंतर हा खरंच आयएसबीएन आहे, आकडे उलटसुलट झालेले नाहीत, एवढी खात्री ती देते. सगळे पास झाले, टायपो असलेला एक सोडून, तो पुस्तक काढून बघून नीट केला. जॉइन परत चालवला आणि नल एकही नाही. एक तरी उरेल असं वाटत होतं म्हणून परत परत चालवून बघितला, दरवेळी शून्य ओळी, फार बरं वाटलं.

हे लिहिता लिहिताच प्लॅन बदलतेय. मागे मी म्हटलं होतं की आयएसबीएनलाच प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) करणार. ते रद्द. एकतर खूप जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतोच, आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असल्या की अडचण. त्यापेक्षा साधा इंटिजर आयडी, आणि दोन कॉलम: एकात जसा टाइप केला तसा कच्चा नंबर, टेक्स्ट, त्याला कधीच हात लावायचा नाही, आणि दुसरा तेरा आकडी, कच्च्यावरून आपोआप बनणारा जनरेटेड कॉलम (एसक्यूलाइट ३.३१ पासून येतो). दहाचं तेरा करायला पुढे ९७८ लावायचं, जुना चेक आकडा (शेवटचा) टाकून द्यायचा आणि नवीन काढायचा: आलटून पालटून १ आणि ३ नं गुणून बेरीज, तिला दहानं भागून उरलेली बाकी दहातून वजा. इथे वजाबाकीवर परत दहाचा मॉड (भागून उरणारी बाकी) लावायला विसरू नका, नाहीतर जिथे ० यायला हवा तिथे १० येतो आणि नंबर चौदा आकडी होतो. तेरा करायच्या आधी दहा आकडीची चेकसम तपासून घ्या, कारण शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर ११ वाला नियम ते नेहमी पकडतो, तेरा आकडीवाला काही जोड्या सोडून देतो.

आणि टेबल स्ट्रिक्ट करणार, म्हणजे कॉलमचे प्रकार सक्तीचे, ३.३७ पासून ती सोय आहे, शेवटी फक्त स्ट्रिक्ट लिहायचं. तिथे 'स्ट्रिंग' असं लिहिलं तर टेबल बनवतानाच एरर येते. हे आधीपासून असतं तर हा अख्खा अपडेट लिहायची वेळच आली नसती. ॲपबद्दल माझं मत असं की स्कॅनिंग झकास, पण त्याची एसक्यूएल फाइल पुन्हा वापरणार नाही, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी टेक्स्ट फाइल) घेऊन माझ्या टेबलात ओतणार. ती सीएसव्ही स्प्रेडशीटमध्ये उघडून सेव्ह मात्र करायची नाही, तिथेही शून्यं जातात आणि तेरा आकडी नंबर ९.७८ई+१२ असले होऊन बसतात.

याच जोशात कपाटांच्या नावांचा घोळही निपटला. 'दुसऱ्या खोलीतलं कपाट' हे ग्रुप बायमध्ये दोनदा येत होतं, दिसायला हुबेहूब सारखं. आता हात बसला होता, लगेच लेंग्थ काढली, 'दुसऱ्या' एकीकडे सात, एकीकडे आठ. एका कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर (कोड २३५३) आणि हलन्त असं येतं, दुसऱ्यावरून साधा र (२३५२), हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (८२०५) हे न दिसणारं जोडचिन्ह. एसक्यूलाइट बाइट बघून तुलना करतो, त्याच्या दृष्टीनं हे दोन वेगळे शब्द. पायथॉनमध्ये एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर लिहायच्या समतुल्य पद्धती एकसारख्या करणं) लावलं तर र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ दुरुस्त होतो, पण झेडडब्ल्यूजेवाला तसाच राहतो, कारण युनिकोडच्या लेखी ते दोन समतुल्य नाहीत. म्हणून तो हातानंच बदलायचा: रिप्लेस(नाव, कॅर(२३५२,२३८१,८२०५), कॅर(२३५३,२३८१)). एक ओळ, आणि दोन कपाटांचं एक झालं.

बाकी किरकोळ. 'कुठल्याच कपाटात नसलेली पुस्तकं' ही क्वेरी शून्य ओळी देत होती, कारण नॉट इनच्या आतल्या यादीत एक नल होता. तिथे एक नल असला तरी अट कधी खरी होतच नाही, नॉट एक्झिस्ट्स लावा, सुटलं. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा टेक्स्टमध्ये आहेत, सॉर्ट चुकीचं येतं आणि डेट फंक्शन नल देतं, त्या सगळ्या वर्ष-महिना-दिवस करायच्यात.

पुढचं काम लेखकांचं टेबल. तिथे ऱ्य आणि ऱ्ह तर आहेतच, शिवाय आद्याक्षरांनंतर स्पेस आहे-नाही हा वेगळाच प्रकार. आधी वाटलं होतं नावांवरच जॉइन करू, पण आता नावाची एक साफ केलेली प्रत वेगळ्या जनरेटेड कॉलममध्ये ठेवावी असं डोक्यात येतंय, आयएसबीएनसारखंच. देवनागरी नावं साफ करायची रिप्लेसची यादी कुणी आधीच बनवली असेल तर कोड आकड्यांसकट इथे टाका, अक्षरं कॉपी केली तर झेडडब्ल्यूजे वाटेत गळून पडतो.