पुरानंतर ऐकायला गेलो आणि सह्या मागत राहिलो : माझा अनुभव

पूरग्रस्तांना मानसिक आधार द्यायला निघालो तेव्हा संस्थेने हातात दिलेल्या तक्त्यात आठ रकाने होते. सातवा होता ‘लाभार्थ्याची सही किंवा अंगठा’. या एका रकान्याने आमचे सोळा दिवस खाल्ले, आणि माणसांना कुणीतरी जवळ बसायला हवं होतं ते नेमके तेच दिवस होते. पुढच्या एखाद्या पावसात कुणी या कामाला बाहेर पडणार असेल तर त्याने आमच्यासारखं अडकू नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

२३ जुलै २०२१ ला गोव्यात म्हादई नदीचं पाणी सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवर, म्हणजे वस्त्यांवर चढलं. डिचोली, फोंडा, धारबांदोडा या तालुक्यांतही तीच गत. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं मुख्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं. मातीच्या भिंतींची घरं होती ती बसली, कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत गाळ भरला. मी डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. कोविडमुळे शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर चालायचे. पुरानंतर तिसरीतली एक मुलगी वर्गात दिसेना म्हणून शेजाऱ्यांच्या नंबरवर फोन केला. तिची आई म्हणाली, “बाई, मोबाइल पाण्यात गेला. आणि पाऊस वाजायला लागला की ही खाटेखाली जाऊन बसते. हाक मारली तरी येत नाही.” मला काय बोलावं ते सुचलं नाही. ‘घाबरू नको म्हणावं तिला,’ एवढंच तोंडातून निघालं. फोन ठेवला आणि फार वाईट वाटलं. वीस वर्षं मुलांत काढून मला यापेक्षा बरं काही येत नव्हतं.

म्हणून मी एका संस्थेच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. दोन दिवसांचं, ऑनलाइन. ते चांगलं झालं. मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या मार्गदर्शिकेत दिली आहे, तीच शिकवली : पाहा, ऐका, जोडा. म्हणजे आधी नजर फिरवून कोण अडचणीत आहे ते बघायचं, मग ऐकायचं, मग त्याला हवी ती मदत जिथे मिळते तिथवर पोहोचवायचं. यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. एक गोष्ट मला नवीन होती. माणसाला बसवून ‘काय काय झालं ते सगळं सांग, मन मोकळं कर’ असं उकरून काढायचं नाही. तसं केल्याने फायदा होत नाही, उलट काहींना त्रासच होतो. ज्याला बोलायचं आहे तो बोलेल, नाही त्याच्याशेजारी नुसतं बसायचं.

पंचायतीची परवानगी एका सकाळीत मिळाली. माझी जोडीदार साखळी शहरातली एक निवृत्त परिचारिका होती. २९ जुलैला आम्ही सत्तरीतल्या आमच्या वाट्याला आलेल्या वाड्यावर पोहोचलो, तोंडावर दोन-दोन मास्क आणि काखेत तो तक्ता.

पहिलंच घर एका आजीचं. अर्धी भिंत पडलेली, वर निळी ताडपत्री, अंगणात गाळाचा ढीग. आजी उंबऱ्यावर बसून पितळी समई राखेने घासत होती. आम्ही खाली बसलो. दहा मिनिटं काहीच बोलणं नाही. मग तिने आपणहून सुरुवात केली. ब्याऐंशी साली पाणी उंबऱ्याला टेकून गेलं होतं, या वेळी देवघरात शिरलं. मी ऐकत होते. ती जरा थांबली तसा माझ्या जोडीदारणीने नियमाप्रमाणे तक्ता काढला : नाव, वय, घर क्रमांक, नुकसान, आधीची मनःस्थिती एक ते पाच, नंतरची मनःस्थिती एक ते पाच, सही, फोटो.

आजीचा चेहरा बदलला. तिने कोकणीत विचारलं, “सय केल्यार पयशे मेळटले?” सही केल्यावर पैसे मिळतील का?

त्याच आठवड्यात तलाठी पंचनाम्याला येऊन गेले होते. त्यांच्याही हातात कागद होता, त्यांनीही नाव, घर क्रमांक, नुकसान विचारलं होतं, सही घेतली होती. घर वाहून गेलेल्या माणसाला सही म्हणजे नुकसानभरपाई, दुसरा अर्थ तिथे नव्हता. मी सांगितलं, “नाही आजी, हे पैशांचं नाही. आम्ही नुसतं विचारपूस करायला आलोय.” ती म्हणाली, “मग सय कित्याक?” मग सही कशाला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. आजीने समई उचलली आणि आत गेली.

दुसऱ्या घरी बाईने सही केली, पण त्यानंतर ती जे बोलली ते सगळं नुकसानीचं होतं. किती पोती भात भिजलं, किती कौलं गेली, शीतकपाट किती हजारांचं. तिला वाटलं आम्ही लिहून घेणार. तिसऱ्या घरी पुरुष म्हणाला, “एकदा सही केलीय, परत कशाला? पहिली रद्द करणार काय?” त्याचा आवाज चढला होता. चौथ्या घराने दार उघडलं नाही. आणि वाड्यावर बातमी पसरायला किती वेळ लागतो! संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की दोन बायका सह्या गोळा करत फिरताहेत.

मी त्याच रात्री संस्थेच्या समन्वयकांना फोन केला. ते म्हणाले, तक्ता वरून ठरलेला आहे. मी म्हटलं, सही सोडून बाकीचं भरून दिलं तर? तर ती भेट धरली जाणार नाही. भेट धरली नाही तर प्रवासखर्च नाही, आणि पुढच्या तुकडीला मंजुरीही नाही. निधी देणाऱ्यांना पुरावा लागतो, हे मला समजत होतं. मदतीचे पैसे मधल्यामध्ये जातात ही भीती खोटी नाही. पण पुरावा कुणाकडून मागायचा? जिच्या देवघरात गाळ आहे तिच्याकडून? आणि ‘आधीची मनःस्थिती दोन, नंतरची चार’ हे अर्ध्या तासात मी कुठल्या तराजूने मोजू? आम्हाला शिकवलं काय होतं आणि हातात दिलं काय होतं, याचा मेळच नव्हता.

मी लेखी कळवलं. उत्तर आलं, पुढच्या आठवड्याच्या बैठकीत विषय घेऊ. बैठकीत वेळ उरला नाही. पुन्हा लिहिलं. ‘तुमची सूचना नोंदवली आहे.’ मग परत फोन, परत ‘दोन दिवस थांबा’. आम्ही वाड्यावर जात होतोच, तक्ता पिशवीत ठेवून. पण विश्वास एकदा उडाला की पिशवीतला कागदसुद्धा दिसतो. पोरं सोडली तर कुणी जवळ येईना. त्या दिवसांत शेवटच्या घरातला एक माणूस मागच्या पडवीत एकटाच बसलेला असायचा. त्याची बायको आम्हाला बघायची, ओठ हलवायची आणि आत जायची. तिला काहीतरी सांगायचं होतं. ते डोळ्यांनी दिसत होतं आणि मी काही करू शकत नव्हते. त्या रकान्याचा मला सर्वांत जास्त राग याच एका बाईमुळे आहे.

शेवटी मी समन्वयकांना म्हटलं, तुम्ही एक दिवस आमच्याबरोबर या. एवढंच. ते आले, हेही खरं. १४ ऑगस्टला. त्यांनी स्वतःच तक्ता काढून एका घरी पुढे केला. घरातल्या म्हाताऱ्याने दोन्ही हात जोडले आणि विचारलं, “साहेब, पैसे केव्हा येणार?” समन्वयक काही बोलले नाहीत. त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. परतताना गाडीत म्हणाले, “तुमचा पर्याय काय आहे तो द्या.”

पर्याय तयारच होता. माझ्या जोडीदारणीने वहीच्या एका पानावर आखून ठेवला होता : तारीख, वाडा, किती घरं, किती बायका, पुरुष, मुलं, पुढे किती जणांना पाठवलं. नावं नाहीत, मनःस्थितीचे आकडे नाहीत. आम्ही खरंच आलो होतो याची सही पानाच्या तळाशी पंच करणार. ज्याला दवाखान्यात न्यायचं आहे त्याचं नाव वेगळ्या वहीत, त्याच्या संमतीने, आणि ती वही आमच्याजवळच. दोन दिवसांत हे मान्य झालं. सोळा दिवसांचं काम दोन दिवसांत होऊ शकत होतं.

तुम्ही कुठल्याही गटातर्फे जाणार असाल तर प्रशिक्षणाच्या आधी एकच प्रश्न विचारा : लोकांकडून सही, अंगठा किंवा फोटो घ्यायचा आहे का? हो म्हणाले तर तिथेच भांडा, वाड्यावर पोहोचल्यावर उशीर झालेला असतो.

पुढचं सोपं होतं असं नाही, पण अडलं नाही. आम्ही पहिल्यांदा बोलायला बसलोच नाही, आजीच्या अंगणातला गाळ ओढायला खोरं घेतलं. गाळ ओढताना माणसं बोलतात. आजीकडे लग्नाचा आल्बम होता, फोटो एकमेकांना चिकटून लगदा व्हायला आलेले. वाळलेले चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत, रंग निघून येतो. स्वच्छ पाण्यात भिजू द्यायचे, आपोआप सुटू लागले की हलकेच वेगळे करून छापील बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. अकरा फोटो वाचले. त्या तीन तासांत आजी तिच्या नवऱ्याबद्दल जेवढं बोलली तेवढं कुठल्या समुपदेशनात बोलली असती असं मला वाटत नाही.

चहा दिला तर घ्या. घरात साखर कमी असेल, तरी घ्या. आपण कुणाला तरी काही देऊ शकतो हे त्या माणसाला त्या दिवशी हवं असतं.

‘जीव वाचला ना, मग झालं’ हे वाक्य आम्ही दोघींनी एकमेकींना बंदी केलं होतं. ‘देवाची इच्छा’ हेही. ती माणसं स्वतः म्हणाली तर मान हलवायची, आपण म्हणायचं नाही. आणि न पाळता येणारं वचन अजिबात द्यायचं नाही. भरपाई कधी येईल हे मला माहीत नव्हतं, पण अर्ज मामलेदार कचेरीत कुठल्या टेबलावर आहे ते विचारून सांगता येत होतं. प्रशिक्षणातलं ‘जोडा’ म्हणजे हेच. आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक यांच्या नकला कुठे मिळतात याची एक यादी मी हाताने लिहून पंचायतीच्या भिंतीवर लावली. त्या यादीमुळे जितक्या जणांना रात्री झोप लागली असेल तितकी माझ्या बोलण्याने लागली नसेल.

शेवटच्या घरातली ती बाई १८ ऑगस्टला विहिरीजवळ भेटली. नवरा जेवत नव्हता, सकाळपासून प्यायचा, आणि दोनदा म्हणाला होता की कुळागरासारखाच मीही गाडला गेलो तर बरं. असं कुणी बोललं तर ते दारूचं बोलणं म्हणून सोडायचं नाही. थेट विचारायचं, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं, तरी विचारताना माझे हात गार पडले. तो बराच वेळ गप्प होता. मग ‘हो’ म्हणाला. त्या रात्री घरातलं कीटकनाशक भावाकडे दिलं, त्याला एकटं ठेवलं नाही, आणि सकाळी भाऊ, बायको आणि आम्ही मिळून त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत नेलं. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हा आमच्या हाताशी नव्हता. तुम्ही जाल तेव्हा तो कागदावर लिहून न्या, मोबाइल वाहून गेलेले असतात.

मुलांसाठी खेळ न्या, खाऊ कमी न्या. खाटेखाली बसणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीकडेही मी नंतर गेले. तिला बाहेर ये म्हटलं नाही, मीच खाटेशेजारी जमिनीवर बसून चित्र काढलं. तिसऱ्या दिवशी तिने खडू मागितला. तिच्या आईला सांगितलं की अंथरूण ओलं होणं, आईला चिकटून राहणं हे या दिवसांत होतं, रागवू नका, जेवायची आणि निजायची वेळ रोज तीच ठेवा. खूप आठवडे गेले तरी कमी झालं नाही तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

जोडीने जा. परतताना एकमेकींना दिवसाचं सांगा. मी पहिल्या आठवड्यात घरी येऊन गप्प बसायचे आणि मुलावर विनाकारण ओरडायचे. साखळीला उतरण्याआधी जोडीदारणीशी अर्धा तास बोलायला लागले तेव्हा ते थांबलं.

आणि एक राहिलं होतं. येणं बंद करायचं असेल तर दोन फेऱ्या आधी सांगा. आम्ही चतुर्थीनंतर थांबणार होतो. १० सप्टेंबरला चतुर्थी होती, त्याच्या आठवडाभर आधी आजीला सांगितलं. ती माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीसाठी सुपाऱ्या निवडत होती, कुळागर गेल्यामुळे त्या भावाकडून आलेल्या. तिने विचारलं, “मागीर कोण येतलो?” म्हणजे नंतर कोण येणार. पुढच्या फेरीला आम्ही वाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन गेलो. ती आजीच्या माहेरच्या गावची निघाली. दोघींचं बोलणं सुरू झालं ते आम्ही निघेपर्यंत चालूच होतं.