सोलापुरातून एमबीए: क्लासमध्ये न होणारी तयारी

दर वर्षी दिवाळीच्या आसपास सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, ओळखीच्या घरांतून फोन यायला लागतात. "अक्का, पोरीला एमबीए करायचंय, पुण्याला क्लास लावू का इथंच?" प्रत्येकाला फोनवर जे सांगते ते आज नीट लिहून ठेवते.

क्लास कुठं लावायचा, हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. मॉक टेस्ट आता घरबसल्या देता येतात, शिकवणारे मोबाइलवर मिळतात. पण काही कामं सोलापुरातच करावी लागतात आणि ती वेळेत झाली नाहीत तर चांगलं परसेंटाइल हातात असूनही सीट जाते. ती कामं म्हणजे दाखले, पैशांचा हिशेब आणि आपल्या घरातल्या धंद्याची जाण.

आधी परीक्षांबद्दल थोडक्यात. कॅट म्हणजे आयआयएमसाठीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, ती साधारण नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. तीन विभाग, प्रत्येकी 40 मिनिटं. एका विभागाचा उरलेला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक गुण वजा. आपल्या राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा, सीईटी, वेगळ्या वळणाची आहे. 150 मिनिटांत 200 प्रश्न आणि चुकीला गुण कापत नाहीत. त्यामुळे सीईटीला वेग लागतो, कॅटला प्रश्न सोडून द्यायचा धीर लागतो. माझं मत स्पष्ट आहे. आपल्यासारख्या घरातल्या मुलांनी सीईटी मुख्य धरावी आणि कॅटही जरूर द्यावी. जुन्या आयआयएमची फी आता 20 लाखांच्या वर आहे. तिथं मुलाखत असते, शिवाय दहावी-बारावीचे गुणही मोजले जातात. सीईटीच्या कॅप फेरीत, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेत, मुलाखत नाही, गुणवत्ता यादी लागते आणि त्या यादीवर मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची मॅनेजमेंट संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग पुंबा अशी दारं उघडतात. दहावीत कमी गुण पडले म्हणून खचलेल्या मुलांना मी हे मुद्दाम सांगते.

गणिताची भीती आपल्याकडं फारशी नसते, अडतं ते इंग्रजी उताऱ्यांवर. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात आणि घरात तेलुगू. मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. इंग्रजी पेपरातला अग्रलेख घ्यायचा, एक परिच्छेद वाचायचा, पेपर उलटा ठेवायचा आणि लेखक काय म्हणतोय ते एका वाक्यात मोठ्यानं मराठीत सांगायचं. सांगता आलं नाही तर परिच्छेद कळलेला नाही, शब्द ओळखीचे असले तरी. शेवटी सगळी वाक्यं जोडून लेखकाची बाजू कोणती ते ठरवायचं. आई कांड्यांवर सूत भरताना मी तिलाच हे ऐकवायचे. मागांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे वाक्य छोटं आणि पक्कं लागतं, ती सवय पुढं वर्गातही कामी आली.

आता दाखले. हा भाग सावकाश वाचा.

राखीव जागेवर कॅपमधून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला तपासून खरा ठरल्याचा कागद, लागतं. ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), भटक्या-विमुक्तांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो, आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते का ते बघावं लागतं. वैधतेसाठी जिल्हा पडताळणी समितीकडं अर्ज करायचा. ओबीसी आणि एसबीसीला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी आपलं घराणं महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्यावा लागतो. तेलंगणातून पोट भरायला सोलापुरात आलेल्या आपल्या घरांना ही तारीख फार महत्त्वाची. आजोबा मागावर कामाला लागले असतील, शाळेत गेलेच नसतील, तर पुरावा आणायचा कुठून? आमच्या घरात आजोबांच्या धाकट्या भावाची शाळेतली नोंद सापडली. ते नगरपालिकेच्या तेलुगू शाळेत दोन इयत्ता शिकले होते. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला. फिकट झालेली निळी शाई, जन्मतारीख अंदाजे, आणि जातीच्या रकान्यात फक्त "साळी". वडिलांच्या दाखल्यावर "पद्मशाली" होतं. मग दोन्ही एकच घराणं हे दाखवायला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, काकांचा दाखला आणि त्यांच्या मुलाचं आधीच मिळालेलं वैधता प्रमाणपत्र जोडलं. शेवटचा कागद सगळ्यात भारी ठरला. म्हणून पहिल्यांदा हे विचारा, वडिलांकडच्या नात्यात कुणाची वैधता झाली आहे का? असेल तर अर्धं काम झालं.

आयआयएमसाठी अजून एक वेगळा कागद असतो. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमीलेअर दाखला. राज्याचा दाखला तिथं चालत नाही. आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही आधी तपासा.

पैशांबद्दल आपल्याकडं मुलांसमोर बोलत नाहीत, आणि पुढं तेच जड जातं. एका समुपदेशकानं माझ्या वडिलांना एका खासगी कॉलेजचं सगळं मिळून 15 लाखांचं पॅकेज सांगितलं होतं आणि "कर्ज मिळतं, काळजी करू नका" असा धीर दिला होता. वडिलांनी घरी येऊन वही काढली. दहा टक्के व्याज, दहा वर्षं, 15 लाख: महिन्याचा हप्ता 19,800 च्या आसपास. शिवाय शिकत असतानाही व्याज साठत राहतं, दर 10 लाखांमागे वर्षाला एक लाख. वडील म्हणाले, "तिथून बाहेर पडणाऱ्या साध्या पोराला पगार किती मिळतो ते विचार. सगळ्यात हुशार पोराचा नको." मला अजूनही हाच प्रश्न सगळ्यात योग्य वाटतो. कॉलेजं सरासरी पॅकेज छापतात आणि दोन-चार मोठ्या पगारांनी सरासरी फुगते. मधला आकडा विचारा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्या वर आणि निम्म्यांना ज्याच्या खाली मिळालं तो. आणि ही माहिती शक्य तर मागच्याच वर्षी पास झालेल्या मुलांकडून घ्या.

सरकारी सवलती आधी बघा. 2024-25 पासून राज्यात ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश कॅपमधून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ आहे. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजनाही 2024 मध्ये मंजूर झाली. यादीतल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळतं, आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात 3 टक्के सूट. मॅनेजमेंट कोट्याच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या, सीटला यातलं काही मिळत नाही, हे घरात मोठ्यांना आधीच सांगून ठेवा.

आता धंद्याविषयी, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं असतं. कॅटमधून मला एका मुलाखतीला बोलावलं होतं. समोरच्या सरांनी विचारलं, "सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, मग कारखानदार अडचणीत का?" मी मानांकनाची व्याख्या (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) बाजूला ठेवली आणि आमच्या कारखान्याचा हिशेब सांगितला. सुताचा भाव किलोवर, टॉवेलचं डझनाचं वजन, वीजबिल, विणणाऱ्याची मजुरी, आणि त्या डझनावर शेवटी हातात राहणारे रुपये. नाव सोलापूरचं लावून दुसरीकडचा स्वस्त माल बाजारात येतो तेव्हा हे शेवटचे रुपये आधी जातात. बाकीची सगळी मुलाखत त्यावरच चालली.

पुढं मुंबईत एमबीएला प्रवेश घेतल्यावर पहिल्याच सत्रात खेळत्या भांडवलाचा विषय आला. सरांनी फळ्यावर लिहिलं: माल पडून राहण्याचे दिवस, अधिक उधारी वसूल व्हायचे दिवस, वजा आपण पैसे द्यायचे दिवस. वर्गातले बहुतेक जण इंजिनीअर, नोकरी करून आलेले, भराभर आकडे टाकत होते. मी वडिलांची वही आठवली. सूत घेतल्यापासून माल बाहेर पडेपर्यंत 20 दिवस, बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून पैसे यायला 90, सुतवाल्याला द्यायची मुदत 15. म्हणजे 95 दिवस आमचा पैसा अडकलेला. वडील दर सणाच्या तोंडावर का बेचैन असायचे, ते मला त्या तासाला कळलं. सणाला कामगारांना द्यायचे पैसे त्या 95 दिवसांत अडकलेले असायचे.

म्हणून सुट्टीत घरचं काम करा. मार्केट यार्डात कांद्याची अडत असेल तर पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा विक्रीचा हिशेब, कशी बनते ते शिका, किराणा दुकान असेल तर कोणता माल किती दिवसांत फिरतो ते लिहून काढा. वडील नोकरीत असतील तर त्यांच्या खात्याचं काम समजून घ्या.

मुंबईतल्या दोन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. रात्री उशिरापर्यंत ग्रुपचं काम, पहाटे सादरीकरणाची तयारी, पहिल्या वर्षाच्या शेवटी दोन महिन्यांची इंटर्नशिप आणि तिच्यासाठीची धावपळ आधीच सुरू. पहिले काही आठवडे वर्गात इंग्रजी बोलायला धीर होत नाही, पण मुद्दा पक्का असला तर संथ बोलणाऱ्याचंही सगळे ऐकतात. ग्रुपमध्ये आकड्यांचं काम मागून घ्या, तिथं भाषा आड येत नाही आणि लोक तुम्हाला लवकर ओळखतात.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी मी सोलापुरात असेन. ज्यांची वैधता अडली आहे त्यांनी वडिलांकडच्या तीन पिढ्यांची नावं आणि मिळतील तेवढे शाळेचे दाखले घेऊन या, बसून क्रम लावू. वैधतेचा अर्ज अजून भरलाच नसेल तर मात्र संक्रांतीची वाट बघू नका, या आठवड्यातच भरा.