आमची वाटचाल : शरदातली बाग आणि सावकाश सायकल

वाईतलं आमचं सायकलचं दुकान वडिलांनी, म्हणजे आबांनी, १९८३ साली थाटलं. तेव्हा धंद्याचे दोन भाग होते, दुरुस्ती आणि तासावर भाडं. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, वहीत नाव आणि वेळ, ओळखीचा माणूस असला की अनामत नाही. बाजाराला आलेले, कचेरीत कामाला आलेले, सुट्टीतली पोरं, सगळ्यांची नावं त्या वहीत आहेत. पुढे घरोघरी मोपेड आणि मोटारसायकली आल्या, तासाचं भाडं बंद पडलं आणि दुकान नुसत्या दुरुस्तीवर तग धरून राहिलं.

मी पुण्यात एका कंपनीत हिशेब लिहायचे. २०२० च्या टाळेबंदीत घरी आले. त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनालाच, अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाल्याची बातमी आली आणि आबा दिवसभर गप्प होते. आयुष्यभर त्यांच्या हाताखालून गेलेल्या सायकलींत अॅटलस सगळ्यांत जास्त. पण आमच्या दारात मात्र उलट घडत होतं. माळ्यावर, गोठ्यात, जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकली लोक ढकलत आणत होते. ओव्हरऑइलिंगला रांग लागली. ट्यूब आणि फ्रीव्हील मिळेनात. आबांच्या शेजारी बसून मी चाकाचा आऊट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, शिकले आणि पुण्याला परत गेले नाही.

त्या रांगेत आमच्या बाईंची सायकल होती. बाई म्हणजे मला सातवीपर्यंत शिकवलेल्या, आता निवृत्त. मेणवलीच्या अलीकडे त्यांची बारा-तेरा गुंठे जागा आहे, त्यात घर आणि भोवती बाग. सायकल न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, घटस्थापनेनंतर एकदा सकाळी लवकर ये. पारिजातकाचा सडा पडलेला असतो. आबांनाही आण." आम्ही गेलो, आणि आमच्या व्यवसायाचं आजचं रूप, म्हणजे पाहुण्यांना सायकलवरून बाग दाखवायला नेणाऱ्या सावकाश फेऱ्या, त्या बागेतून निघालं. त्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे बाग म्हटलं की लोकांना पावसाळा नाहीतर वसंत आठवतो. बाईंची बाग शरदाची आहे, त्यांनी ती ठरवून तशी लावली आहे. पाऊस ओसरलेला, माती अजून ओली, आभाळ धुतलेलं, आणि ऑक्टोबरचं ऊन कडक व्हायच्या आधीचे सकाळचे दोन-अडीच तास. या वेळेसाठी सगळी मांडणी. फाटकाशी बुचाचं उंच झाड, त्याची लांब देठांची पांढरी फुलं दसऱ्याच्या पुढे पडायला लागतात. विहिरीच्या पाण्याची ओल जिथे कायम असते तिथे सोनटक्का. कुंपणावर गोकर्ण, निळी आणि पांढरी. भिंतीच्या कडेने गुलबक्षी, पण ती संध्याकाळी उमलते, सकाळी उशिरा आलेल्याला मिटलेली दिसते. झेंडू दोन वाफे, दसऱ्याच्या तोरणाला गल्लीभर पुरेल इतका. आणि घराच्या पूर्वेला दोन पारिजातक. ही फुलं तिन्हीसांजेला उमलतात आणि उजाडायच्या आत गळून पडतात. नऊच्या उन्हात ती मलूल होतात, म्हणून सकाळी साडेसहाला निघायचं हा आमचा नियम पारिजातकाने घालून दिला आहे.

बाईंचा जीव मात्र शेवंतीत. आषाढात कलमं लावायची, श्रावणात शेंडे खुडायचे म्हणजे झाड उंच न जाता फुटवे धरतं. पुढचं काम दिवस-रात्रीचं. शेवंती रात्र मोठी होऊ लागली की कळी धरते. तीन वर्षांपूर्वी रस्त्यावर कुंपणालगत नवा एलईडी दिवा बसला. त्या वर्षी दिव्याच्या उजेडातला वाफा नुसता पाल्याने माजला, आणि चार हातांवरचा, भिंतीच्या सावलीतला वाफा कळ्यांनी भरला. एकाच दिवशी लावलेली, एकाच आईची रोपं. बाईंनी रस्त्याच्या बाजूला मेंदी आणि अडुळसा दाट वाढवला आणि शेवंती घरामागे नेली. आमच्या पाहुण्यांना बाई त्या दोन्ही वाफ्यांच्या जागा दाखवतात. पुण्यातल्या बाल्कनीत शेवंती का फुलत नाही याचं उत्तर तिथे उभ्या उभ्या मिळालेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

लिंबाच्या झाडावर फवारणी करायची नाही हा बाईंचा दंडक. त्या पानांवर नीलवंताच्या अळ्या असतात. काळ्या पंखांवर निळे ठिपके असलेलं हे मोठं फुलपाखरू २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. बाई तिला बोटाने हळूच डिवचतात, तशी ती डोक्यामागून शिंगासारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना हे दाखवलं की ती लिंबाखालून हलत नाहीत.

पहिल्या खेपेला आम्ही घरचे आणि शेजारचे मिळून सायकलींवर गेलो होतो. पुढच्या वर्षी ओळखीच्यांनी विचारलं, आणि २०२१ च्या शरदात आम्ही पैसे घेऊन पहिली फेरी काढली. उद्यम नोंदणी केली, आबांच्या जुन्या भाड्याच्या सायकलींतल्या चांगल्या चौकटी निवडून पुन्हा उभ्या केल्या, नंबर त्याच पांढऱ्या रंगात घातले. साडीगार्ड मुद्दाम ठेवले, कारण येणाऱ्यांत साडी नेसून येणाऱ्या काकू, मावशी बऱ्याच असतात.

फेरी सपाट रस्त्याने जाते. नदीकाठाने मेणवली, तिथे नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. घाटावरच्या देवळाशी एक घंटा आहे, १७०७ साली ओतलेली पोर्तुगीजांची, १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चिमाजीअप्पांच्या विजयाची खूण म्हणून आलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, बोट ठेवून दाखवल्याशिवाय बहुतेकांना दिसत नाही. मग बाईंची बाग, तिथे चहा आणि गरम थालीपीठ, आणि ज्यांना उत्साह असेल त्यांनी पुढे धोमला जाऊन यायचं. दोन्ही बाजूंना हळदीचे मळे, ऊस, सोयाबीनची काढणी. पांडवगड मागे राहतो. सगळं मिळून वीस किलोमीटरच्या आत. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर आम्ही कुणाला जाऊ देत नाही. पुढे माझा भाऊ, सगळ्यांत शेवटी मी, माझ्यामागे कुणी राहायचं नाही. जो सगळ्यांत हळू चालवतो त्याचा वेग हा गटाचा वेग. सीटची उंची निघण्याआधी प्रत्येकाची वेगळी बसवतो: टाच पॅडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. गुडघे दुखतात म्हणणाऱ्यांची निम्मी तक्रार इथेच जाते. कुंपणं छाटली की रस्त्यावर बाभळीचे काटे येतात, तेव्हा पॅच, सोल्युशन आणि जादा ट्यूब कायम माझ्या कॅरिअरला.

एका फेरीत बाराच जण. बागेतल्या पायवाटा दीड हात रुंद आहेत आणि ते कुणाचं तरी राहतं घर आहे. एका मोठ्या कंपनीने साठ माणसांची सहल, बॅनर आणि स्पीकरसह, मागितली होती. पैसे आमच्या अख्ख्या हंगामाएवढे होते. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाईंच्या शेवंतीचं काय?" आम्ही नाही म्हणालो. एका बुकिंगच्या अॅपवरही वर्षभर होतो. चौथा हिस्सा त्यांचा, आणि परस्पर जास्त माणसं घेतली जायची. ते सोडलं. आता लोक एकमेकांना सांगून येतात, आणि आम्हाला तेवढे पुरतात.

बाईंनी पैसे कधी घेतले नाहीत, आणि फुकट जाणं आम्हाला पटत नव्हतं. शेवटी असं ठरलं की बागेत मदतीला येणाऱ्या शांताक्कांचा चार महिन्यांचा पगार आमच्याकडून, शिवाय वर्षाला एक ट्रॉली शेणखत. शांताक्काच पाहुण्यांना गुंडाळलेल्या मुळांसकट शेवंतीचे फुटवे देतात, त्याचे पैसे त्यांचे.

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मग नदीकाठचा रस्ता कितीही सुंदर असला तरी आम्ही मुख्य रस्ता टाळून मळ्यांतल्या वाटेने जातो, आणि ट्रॅक्टर जास्त झाले की त्या वर्षीच्या फेऱ्या थांबवतो. शेवंती ऐन बहरात असताना थांबावं लागतं, याचं दरवर्षी वाईट वाटतं. तरी या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये घटस्थापनेच्या दिवशीच सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्या आठवड्यात आम्ही गिअरच्या चार नव्या सायकली घेतल्या, त्यातल्या दोन कमी उंचीच्या. आबा आता ७६ वर्षांचे आहेत, नव्या सायकलींचे नंबर त्यांनीच रंगवले. बावधनच्या बाजूला एका जोडप्याने आपली बाग दाखवायची तयारी दाखवली आहे. त्यांच्याकडे जास्वंदीचे कितीतरी प्रकार आणि कमळांची दोन टाकी आहेत. बाईंनी ती बाग जाऊन पाहिली, फवारणीबद्दल अर्धा तास चौकशी केली आणि मग हो म्हणाल्या. तिथल्या फेऱ्या पुढच्या शरदापासून. तारखा पितृपक्ष संपल्यावर दुकानाच्या फळीवर लागतील. पावसाने मुक्काम वाढवला तर त्या पुढे सरकतील, कारण पारिजातकाची झाडं कशी आहेत हे बाईंना विचारूनच आम्ही त्या ठरवतो.