छिंग राजवटीतील स्त्रियांचे दोन पेहराव

१६४४ मध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचू लोकांनी, म्हणजेच छिंग राज्यकर्त्यांनी, बीजिंग ताब्यात घेतले आणि पुढच्याच वर्षी चीनमधील बहुसंख्य हान समाजाच्या पुरुषांवर डोक्याचा पुढचा भाग भादरून वेणी ठेवण्याची सक्ती केली. हान स्त्रियांचा पेहराव मात्र बहुतांशी जुनाच राहिला. त्या आधीच्या मिंग राजवटीपासून चालत आलेला अंगरखा आणि घागरा घालत, तर मांचू स्त्रियांचा लांब झगा अखंड असे.

हान घागऱ्याची घडण मला विलोभनीय वाटते: मागेपुढे भरतकामाचे सपाट पट्टे, दोन्ही बाजूंना चुण्या आणि सारे कमरेभोवती गुंडाळून बांधलेले. पावले लहान राहावीत म्हणून ती घट्ट बांधण्याची हानांची प्रथा मांचू स्त्रिया पाळत नसत. त्या तळव्याच्या मधोमध उंच लाकडी ठोकळा असलेले जोडे वापरत. दरबाराने मनाई करूनही हानांच्या रुंद बाह्या मांचू झग्यांत शिरल्याच. एकोणिसाव्या शतकात तर काठांवर पट्ट्यांचे थरावर थर चढले, जे, खरे सांगायचे तर, जरा अतीच झाले.